सदतीस इंच छातीचा शिपाई

माझे सासरे टेलर होते आणि थापाडेही होते. यातलं कोणतं काम त्यांना जास्त चांगलं यायचं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. सासूबाईसुद्धा मास्तरच म्हणायच्या. मी जावई, म्हणून तोंडावर ‘बाबा’ म्हणायचो आणि त्यांची पाठ वळली की मास्तर.

एकोणिसाव्या वर्षी ते बोटीतून या देशात उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक कात्री, गळ्यात टेप आणि इथल्या भाषेतले मोजून चार शब्द होते. दोन वर्षांनी युद्ध सुरू झालं आणि ते फौजेत भरती झाले. निदान ते तरी असं सांगत. पुढची चार वर्षं त्यांनी तिथे काय केलं, हे मात्र समोर कोण बसलंय त्यावर ठरायचं. त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीचा तुकडा उडालेला होता. गिऱ्हाईक पुरुष असला तर तो तुकडा बंदुकीच्या गोळीने उडवलेला असे, बाई असली तर संगिनीने. पोलिसाच्या पँटचं माप घेताना तोच कान शत्रूच्या छावणीतून निसटताना काटेरी तारेत अडकलेला असे. पोराटोरांना ते सांगायचे की कान खेचराने खाल्ला. मला पहिल्या भेटीत त्यांनी संगिनीची गोष्ट सांगितली. म्हणजे माझ्याबद्दल त्यांचं काय मत झालं होतं ते बघा.

पुरावा म्हणाल तर घरात एक फोटो होता, लष्करी गणवेशातला, आणि सगळा घोळ त्या फोटोनेच घातला होता. गणवेश इतका ढगळ की खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्यांतून फक्त बोटांची टोकं बाहेर आलेली, आणि पँटमध्ये आणखी एक मास्तर आरामात मावला असता. हा माणूस अनोळखी माणसालाही रस्त्यात थांबवून त्याची कॉलर सरळ करायचा. तो असल्या अवतारात फोटोला उभा राहील? माझा मेहुणा तयार कपड्यांचं दुकान चालवतो. टेलरच्या पोटी जन्मून तयार कपडे विकतो, हे मास्तरांनी त्याला कधी माफ केलं नाही. तो म्हणायचा, “स्टुडिओतला गणवेश आहे तो. तिथे राजाचेही कपडे मिळायचे, बाबांनी शिपायाचे घातले.” फौजेतून सुटल्याचा दाखला कुठे आहे विचारलं तर मास्तर शांतपणे सांगत, “कागद छान जाड होता. त्याचा कॉलरचा साचा कापला.” आता यावर माणसाने काय बोलावं?

मास्तर गेले त्याला तीन वर्षं होऊन गेल्यावर एका रविवारी सासूबाईंनी मला एकट्याला बोलावून घेतलं. चहाच्या कपाखाली वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलेलं होतं. नगरपालिका बागेत एक भिंत बांधणार होती आणि परदेशातून येऊन इथल्या फौजेत लढलेल्यांची नावं तिच्यावर कोरणार होती. अर्ज महिनाअखेरपर्यंत, पुराव्यासह.

“जावईबापू, तुम्ही मीटर वाचता ना?”

“हो.” मी पाणीखात्यात मीटर रीडर आहे. तीस वर्षं लोकांच्या मोरीत वाकून आकडे टिपतोय.

“मग खोटा आकडा तुम्हाला ओळखू येत असेल.”

“येतो कधीकधी.”

“तर मला एवढंच शोधून द्या, मास्तर युद्धावर होते की नव्हते.” त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. “माझ्या वडिलांना हे स्थळ नको होतं. कुठल्या मुलखातून आलेला, भाषा धड येत नाही, हातात कात्री. मी म्हटलं, हा माणूस आपल्यासाठी लढून आलाय. त्यावरून वडिलांशी भांडले, सहा वर्षं माहेरची पायरी चढले नाही. आई आजारी होती तरी गेले नाही. आता मला कळायला हवं की मी कशासाठी भांडले. मास्तर होते शिपाई, तर नाव लागू दे भिंतीवर. नसतील तर नसतील. पण मला खरं सांगा. बाकीचे मला बरं वाटेल ते सांगतात.”

मी तोंडाचा फटकळ आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं. जावयाला इतक्या वर्षांत मिळालेला हा पहिला मान.

युद्धाचे जुने कागद शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सरकारी इमारतीत ठेवले आहेत. तिथल्या खिडकीमागच्या बाईंचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता आणि तोंडात ‘नियम’ हा शब्द. मी त्यांचं नाव मनातल्या मनात नियमबाई ठेवलं. मास्तरांचं नाव, जन्माचं साल, सगळं लिहून दिलं. तासाभराने त्या दोन फायली घेऊन आल्या.

“या नावाची दोन माणसं आहेत. दोघंही परदेशी, वयात एका वर्षाचा फरक, दोघांचा व्यवसाय मजूर.”

“आमचे टेलर होते.”

“त्या वेळी बाहेरून आलेला जो-जो भरती झाला, तो आमच्याकडे मजूर म्हणूनच लिहिलाय. प्रोफेसर आला असता तरी मजूरच. आता ऐका. पहिला माणूस, उंची पाच फूट पाच इंच, छाती सदतीस, चार वर्षं फौजेत, शेवटपर्यंत. दुसरा पाच फूट तीन, छाती तेहेतीस. छावणीच्या स्वयंपाकघरात मदतनीस, तिथे उंचीची अट नव्हती. सहा आठवड्यांनी छातीच्या दुखण्यामुळे घरी पाठवला. यातला तुमचा कोणता?”

“आतली पानं बघितली तर कळेल.”

“आतली पानं कुटुंबालाच दाखवता येतात. कुटुंब तुमचं आहे हे आधी सिद्ध करा.”

“अहो, सिद्ध करायचा पुरावा आतल्या पानांत असेल.”

“असू शकतो,” नियमबाई म्हणाल्या आणि मला दोन्ही फायलींच्या फक्त पहिल्या पानाच्या प्रती दिल्या. मी तिथे आवाज चढवला, तो इथे लिहीत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि मी दमायची वाट बघितली.

घरी आलो तर सासूबाई, माझी बायको आणि मेहुणा तिघंही बसलेले. मास्तरांचं तिशीतलं जुनं ओळखपत्र बायकोने शोधून काढलं होतं. त्यावर उंची होती पाच फूट तीन. छातीचं मी विचारायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, “तेहेतीस. पन्नास वर्षं त्यांचे स्वेटर मी विणलेत. एक टाका इकडचा तिकडे झाला नाही.”

मला खरं सांगायचं काम दिलं होतं, म्हणून मी सांगितलं. छोट्या मापाचा माणूस सहा आठवड्यांत घरी आला होता.

“सहा आठवडे,” मेहुणा म्हणाला. “भांडी घासून परत. मी म्हणत नव्हतो?” त्याला आनंद झाला नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. पण माणसाला आपलं म्हणणं खरं ठरलं की ते बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. सासूबाई उठून आत गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मास्तरांना मीच घरी पाठवलं होतं.

मला राग आला होता. मास्तरांचा आला होता, नियमबाईंचा आला होता आणि जास्त करून माझा आला होता. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ती दोन पानं मी परत समोर घेऊन बसलो, आणि तेव्हा मला दिसलं ते आदल्या दिवशीच दिसायला हवं होतं. आकडे वाचायचा मला पगार मिळतो, आणि मी आकड्यांचं वळण न बघता नुसती मापं वाचत बसलो होतो.

मोठ्या मापाच्या पानावरची सगळी अक्षरं तिरकी, कारकुनी होती. फक्त उंची आणि छातीचे आकडे वेगळ्या हाताचे. गोल, गुबगुबीत, तीनची शेपटी ओळीच्या खाली गेलेली, सातच्या कमरेत आडवी रेघ. हा सात मी ओळखत होतो. माझ्या लग्नाच्या कोटाच्या अस्तरावर खडूने तो लिहिलेला होता आणि सव्वीस वर्षांत नीट पुसला गेला नव्हता.

मेहुण्याच्या दुकानाच्या माळ्यावर मास्तरांच्या मापवह्यांचा खोका होता. मेहुणा म्हणाला, “आता कशाला, भाऊजी?” पण शिडी त्यानेच धरली. मी तीन वह्या उचलल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून परत त्या खिडकीशी गेलो.

नियमबाईंनी वहीतला सात आणि फायलीतला सात शेजारी शेजारी ठेवले. भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

“हात एकच आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे फायलीतलं माप तुमच्या सासऱ्यांनी लिहिलं. पण कुणाचं?”

“त्यांचं स्वतःचं.”

“ते पाच-तीन होते ना? टेलरला स्वतःची उंची ठाऊक नसते?”

मी डोकं खाजवलं. त्या वही चाळत राहिल्या. एका पानावर थांबल्या. ते माझं पान होतं, लग्नाच्या कोटाचं. वर नाव, खाली ‘जावई’ असं लिहून अधोरेखित केलेलं.

“पूर्ण उंची पाच फूट आठ. छाती एक्केचाळीस.” त्यांनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्ही पाच-आठ?”

“हो.” सव्वीस वर्षं मी सगळीकडे पाच-आठच सांगत आलोय.

“जरा भिंतीला टेकून उभे राहता?”

त्यांनी ड्रॉवरमधून टेप काढली. तिथे रांगेत आणखी तिघं होते, तेही बघायला लागले. मी टाचा शक्य तितक्या उचलल्या. “टाचा खाली,” नियमबाई म्हणाल्या. उंची भरली पाच फूट सहा. छाती, श्वास भरून घेऊनही, सदतीस. रांगेतला एक माणूस हसला. त्याचा चेहरा मी लक्षात ठेवला आहे.

“उंचीला दोन इंच जास्त, छातीला चार,” त्या पुटपुटल्या. “फायलीतही तेवढाच फरक आहे. पाच-तीनचे पाच-पाच, तेहेतीसचे सदतीस. हे असं कसं?”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इतर टेलर अंगाचं माप लिहितात आणि कापताना त्यात वाढवतात. मास्तर वाढवूनच लिहायचे. छातीला चार इंच सैल, म्हणजे श्वास घेता यावा. लांबीला दोन इंच दुमडीचे, म्हणजे कापड आटलं तरी पंचाईत नको. त्यांच्या हाताला ती सवयच होती. माणसाचं माप त्यांनी कधी लिहिलंच नाही, लिहिलं ते त्याच्या कपड्याचं.

नियमबाई उठल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चालीत घाई दिसली. त्याच दिवशी भरती झालेल्या सगळ्यांच्या फायली त्यांनी काढल्या. चाळीस माणसं, आणि चाळिसांचे आकडे गोल, गुबगुबीत. सातला कमरपट्टा. तिथला माप घेणारा त्या दिवशी आला नसणार, आणि रांगेत एकाच्या गळ्यात टेप लटकत होती, त्याच्यावर काम ढकललं असणार. सोबत गणवेशांच्या कोठाराच्या अधिकाऱ्याचं एक पत्र टाचलेलं होतं, रागाने लिहिलेलं. या तुकडीतली माणसं कागदावर होती त्याहून सरसकट लहान निघाली आहेत, असं त्यात होतं. कोठारातल्या शिंप्यांनी कागदावरच्या मापात आपली सैल वेगळी घातली होती. म्हणजे सैलवर सैल. पहिल्या कवायतीला चाळीस जणांच्या पँटी एकदम घसरल्या, हेही अधिकाऱ्याने नोंदवलं होतं.

“आणि किमान उंचीची अट किती होती?” मी विचारलं.

“पाच फूट चार.”

मी मनात वजाबाकी केली. दुमडीचे दोन इंच नसते तर मास्तरांना दारातूनच परत पाठवलं असतं. ही चूक होती की चलाखी, हे मी सांगू शकत नाही. मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी दोन्ही सांगितलं असतं, ऐकणारा बघून.

“हा माणूस तुमचा,” नियमबाई म्हणाल्या आणि फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली. चौथ्याच पानावर डॉक्टरने नंतर घेतलेलं माप होतं, पाच फूट तीन, छाती तेहेतीस. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर टेपच्या गुंडाळीवर ठेवली.

संध्याकाळी पुन्हा सगळे बसले. मी प्रती घेऊन आलो होतो. दुसरं पान तेवढं मी घडी करून खिशात ठेवलं होतं, कारण ते मी खिडकीशीच वाचलं होतं. बाकीचं क्रमाने वाचायला घेतलं.

मापांच्या गोंधळाबद्दल मास्तरांना सात दिवस कोठडी झाली होती आणि चाळीस गणवेश स्वतः उसवून परत शिवायची शिक्षा. आपला गणवेश त्यांनी सगळ्यात शेवटी दुरुस्तीला घेतला असणार, कारण फोटो त्याआधीचा दिसतो. मेहुण्याने फोटोकडे बघून नुसती मान हलवली. दवाखान्याच्या पानावर कानाची नोंद होती. डावा कान, खेचराचा चावा.

“खेचर?” बायको म्हणाली. “ते तर आम्ही लहान होतो तेव्हा सांगायचे. आम्ही कधी खरं मानलं नाही.”

“तेवढंच खरं होतं,” मी म्हटलं.

मग मी पुढचं पान काढलं. दुसऱ्या वर्षापासून मास्तर जखमींच्या तंबूत होते. डॉक्टर एक आणि जखमी शंभर, अशी तिथे स्थिती होती. या शिपायाच्या हाताला शिवण आहे म्हणून जखमा शिवायला त्याला बसवत आहोत, असं डॉक्टरने लिहिलं होतं. खाली एक ओळ होती. त्याचे टाके माझ्यापेक्षा बारीक असतात. मास्तरांनी आयुष्यभर आम्हाला गोळ्या, संगिनी, काटेरी तारा ऐकवल्या, आणि ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मला त्या क्षणी त्यांची फार आठवण आली. त्यांना एकदा तरी मनापासून ‘बाबा’ म्हणायला हवं होतं, असं वाटलं.

सासूबाई ताठ बसून ऐकत होत्या. “म्हणजे होते,” त्या म्हणाल्या.

“होते. चार वर्षं. पूर्ण.”

“मग फसवलं नाही मला.”

“त्याबद्दल अजून एक पान आहे,” मी म्हटलं आणि खिशातला कागद काढला.

भरतीच्या वेळी प्रत्येकाला जवळच्या नातेवाइकाचं नाव द्यावं लागे. माणूस या देशात राहणारा हवा, पत्त्यासकट, म्हणजे काही बरंवाईट झालं तर तार कुठे करायची हे कळावं. मास्तरांचं या देशात कुणी नव्हतं. तरी रकाना भरलेला होता. तिथे सासूबाईंचं माहेरचं नाव होतं, पूर्ण. पत्ता, स्टेशनामागचं पावाचं दुकान. नातं, पत्नी.

“तारीख?” सासूबाईंनी विचारलं.

“भरतीच्याच दिवसाची. तुमच्या लग्नाच्या पाच वर्षं आधीची.”

त्यांनी कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“मी होते त्या दुकानात. सतरा वर्षांची होते,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण मी याला ओळखतच नव्हते. युद्धानंतर घरी आला तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं, असंच आजवर समजत होते. तेव्हा दुकानात कितीतरी परके मुलगे यायचे. बोट दाखवायचे, ‘एक द्या’ म्हणायचे आणि जायचे. मालक दिवसभर माझं आडनावासकट पूर्ण नाव घेऊन ओरडायचा, त्यावरून उचललं असणार.” त्यांनी कागद मांडीवर ठेवला. “याला या देशात दुसरं कुणाचं नावच माहीत नव्हतं.”

“म्हणजे बाबांनी सरकारला चक्क खोटं लिहून दिलं,” मेहुणा म्हणाला.

“तू गप्प बस.” सासूबाई माझ्याकडे वळल्या. “तिकडे काही झालं असतं तर तार कुठे आली असती, जावईबापू?”

“दुकानात. तुमच्या नावाने.”

त्यांनी कागदावरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बायको उठून त्यांच्याजवळ गेली, पण त्या हसत होत्या. पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

“लग्नाआधीच विधवा केलं असतं मेल्याने,” त्या म्हणाल्या.

भिंतीचा अर्ज मी भरून ठेवला होता, फक्त त्यांची सही राहिली होती. त्यांनी तो मागवला, चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. अर्जदाराचं सैनिकाशी नातं, पत्नी. त्यापुढे संसाराची वर्षं विचारली होती आणि मी हिशोबाने एक्कावन्न लिहिलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडून पेन घेतलं, एक्कावन्न खोडलं आणि स्वतःच्या हाताने वर छप्पन्न लिहिलं.